साडेसहा फुटांचा बाक

दुकानात काठी आपल्याला सरळ उभी भेटते. भिंतीला टेकलेली, प्लॅस्टिकच्या आवरणात, मुठीच्या वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. तिचा स्वभाव मात्र ती वाकल्याशिवाय कळत नाही. गळाला मासा लागल्यावर काठी जो बाक घेते, त्या एका रेषेत तिचे सगळे गुणदोष उघडे पडतात: शेंडा किती लवतो, कंबर कुठे धरून राहते, हाताला किती कळतं. ही रेषा वाचता आली की किमतीचा प्रश्न निम्मा सुटतो. मला तर कमी पैशांत केलेली चांगली काठी महागड्या काठीपेक्षा जास्त कौतुकाची वाटते. महाग काठी करणाऱ्याला कुठेच हात आखडावा लागत नाही. स्वस्त काठी करणाऱ्याला मात्र पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा हे ठरवावं लागतं, आणि त्या निवडीत त्याची जाण दिसते.

इथे रसग्रहणाला घेतलेली काठी अशीच आहे. साडेसहा फुटी, दोन तुकड्यांची, कार्बनची, स्पिनिंग रील लावण्याची. मुठीच्या वर बारीक अक्षरांत तिची कुंडली छापलेली असते: पॉवर मीडियम हेवी, ॲक्शन फास्ट, आमिषाचं वजन 7 ते 28 ग्रॅम, दोरा 10 ते 20 पौंड. पुण्यात अशी काठी अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळते. थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्या ती करतात, म्हणून नावात अडकायचं कारण नाही. ज्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना नुसतं काठावर बसायचं नाही, घड्याळ लावून, दुसऱ्याशी चुरस करून मासा धरायचा आहे, त्यांच्यासाठी मी ती वाचतो आहे.

ही चुरस सगळ्यात रंगते अमेरिकेत, बास या माशावर. इलिनॉय राज्यात 2009 पासून बास धरणं हा शाळांचा राज्यस्तरीय स्पर्धेचा खेळ आहे. अशा स्पर्धांमध्ये साधारणपणे सगळ्यात जड पाच मासे वजनात धरतात. ते जिवंत ठेवायचे, वजन झालं की पाण्यात सोडायचे. रे स्कॉट यांनी आपल्या बास स्पर्धांमध्ये मासा सोडून देण्याचा आग्रह 1972 पासून धरला आणि तो पुढे सगळ्या खेळाचाच धर्म झाला. आपल्याकडे पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद जुन्या काळापासून गळ टाकत आले आहेत. पण तो खेळ मुख्यतः पिठाच्या आमिषाचा, रोहू-कटल्याचा, एका जागी बसून वाट पाहण्याचा. त्याची काठी वेगळी.

बास आपल्या धरणांत नाही. त्याची जागा आपल्याकडे घेते ती मरळ. तीही दबा धरून बसणारी, तीही गवताच्या आणि बुडालेल्या बाभळींच्या आडोशाने राहणारी, तीही पाण्यावरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालणारी. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा जलपर्णीने झाकल्या जातात, ते दुःखच आहे. पण धरणाच्या फुगवट्यात किंवा उजनीच्या काठाला जिथे गवताची आणि पाणवनस्पतींची मर्यादित पट्टी असते, तिथे रबरी पोकळ बेडूक टाकून तो पानांवरून उड्या मारत ओढत आणायचा, हीच पुण्याच्या मुलांची बासची शाळा. बाससाठी सांगितलेली काठी मरळीला जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते.

आता बाक. मूठ जमिनीशी साधारण अर्ध्या काटकोनात धरायची, दोरा सगळ्या कड्यांतून ओवायचा, टोकाला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधायची आणि हळूच उचलायची. दुकानदाराला आधी विचारावं: "काका, जरा बाटली लावून बघू का?" ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो नाही म्हणत नाही. बाजूने पाहिलं की फास्ट ॲक्शन म्हणजे काय ते दिसतं. वरचा एक तृतीयांश भाग लवतो, खालचा तटून राहतो. हे दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात ती जागा सगळ्यात महत्त्वाची. दहा-बारा ग्रॅमचा बेडूक लांब फेकायला शेंडा मऊ हवा, म्हणजे त्या हलक्या वजनानेही तो ताण साठवेल आणि फेकीच्या क्षणी सोडून देईल. पण मरळीचं तोंड हाडाचं, आणि ती लागल्या लागल्या गवताच्या मुळाशी शिरते. तिला गळ रुतवायला आणि तिथून उपसून काढायला कंबर कडक हवी. मऊ आणि कडक या दोन उलट मागण्या एकाच नळीत बसवायच्या आहेत. चांगल्या काठीत शेंड्याचा लवचीकपणा हळूहळू, कुठे संपला ते न कळता, कंबरेच्या ताकदीत मिसळतो. वाईट काठीत बाकाला कोपर फुटतो. एका ठिकाणी ती मोडल्यासारखी दिसते आणि त्याच्या खाली अचानक सरळ दांडा सुरू होतो. तो कोपर पुष्कळदा दोन तुकड्यांच्या जोडावरच असतो. माझ्या वाचनातल्या या काठीचा जोड बाकात विरघळतो. तिथे जाड भिंत देऊन वेळ मारून नेलेली नाही, नळीचा उतार जोडाच्या आधीपासूनच सांभाळलेला आहे. तीन हजारांच्या काठीत हे दिसतं तेव्हा ती करणाऱ्या अनोळखी कारागिराला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

या बाकाचा पूर्वज आपल्याच रानातला आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत वेळू चिरून, त्याच्या सहा पट्ट्या चिकटवून काठ्या करायला लागले, तेव्हा त्यांना लागणारा वेळू कलकत्त्याच्या बंदरातून जायचा आणि 'कलकत्ता केन' म्हणूनच विकला जायचा. तो आपला भरीव वेळू, महाराष्ट्राच्या जंगलांतही उगवणारा. पुढे चीनच्या टोंकिन वेळूने त्याला मागे टाकलं, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला, आणि 1970 च्या दशकात कार्बन. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' 1873 साली निघालं. म्हसीर हा त्यातला मानाचा मासा. आणि म्हसीराची जी जात शास्त्रात 'टोर खुद्री' म्हणून ओळखली जाते, तिचं पहिलं वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये केलं ते पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पात्राकडे पाहताना हे आठवलं की फार वाईट वाटतं. पुण्यातल्या मुलाच्या हातात काठी देताना ही गोष्टही त्याला द्यावी.

कार्बनबद्दल मात्र सावध राहावं. काठीवर आयएम 6, आयएम 7, 24 टन, 30 टन असं ठळक छापलेलं असतं आणि मुलं त्यावरच भाळतात. आयएम 6, आयएम 7 ही हेक्सेल या कंपनीच्या तंतूंची नावं. आता ती कुणीही, हवी तशी छापतो. टनांचा आकडा तंतू किती ताठ आहे ते सांगतो. तंतूंना धरून ठेवणारी राळ कशी आहे, नळीवर कापड किती आणि कसं गुंडाळलं आहे, याबद्दल तो काहीच बोलत नाही. शिवाय तंतू जितका ताठ, तितका तो सहसा ठिसूळ. स्कूटरच्या आरशावर आपटलेली, दगडावर पडलेली 40 टनांची काठी बाहेरून धड दिसते आणि पुढच्या मोठ्या माशाला त्याच जागी कट्कन मोडते. पंधरा वर्षांच्या हातात 24 ते 30 टनांचा समंजस कार्बन शोभतो. फारच धसमुसळं पोर असेल तर काचतंतू आणि कार्बन एकत्र केलेली काठी द्यावी. शेक्सपिअर कंपनीची 'अग्ली स्टिक' 1976 पासून याच जोरावर टिकून आहे. ती जड असते आणि हाताला कमी कळतं, पण मोडायला जिद्द लागते.

हाताला किती कळतं, हे पाहायची एक जुनी गंमत आहे. आपण मूठ धरायची, शेंडा मित्राच्या गळ्याला अलगद टेकवायचा आणि त्याला हुंकार द्यायला सांगायचा. चांगल्या काठीतून त्याचा कंप तळहातात उतरतो, मंद काठीत वाटेतच जिरतो. बेडकाच्या खेळात झडप डोळ्यांनी दिसते, तिथे या कंपाचं काम कमी. पण मासे तळाशी बसलेले असतील आणि रबरी अळी तळावरून ओढायची असेल, तर दगड कोणता आणि तोंड कोणतं हे हा कंपच सांगतो.

स्वस्त काठी करणाऱ्याने पैसे कुठे वाचवले, हे सगळ्यात आधी कड्यांत दिसतं. कडीच्या आत चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचं एक वलय बसवलेलं असतं, दोरा त्यावरून धावतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडचं वलय पुरेसं असतं. सिलिकॉन कार्बाइडचं जास्त कठीण आणि जास्त महाग. तंगूस वापरला तर साधी कडीही वर्षानुवर्षं टिकते, पण मरळीसाठी विणीचा दोरा लागतो आणि तो हलक्या वलयात करवतीसारखी खाच पाडतो. मग तीच खाच दोरा कापते. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून बघावा. तडा असेल तर तंतू अडकतात. कड्या एका रेषेत आहेत का, ते बुडाकडून बंदुकीच्या नळीसारखं एक डोळा मिटून पाहावं. आणि मोजाव्यात: जितके फूट लांबी तितक्या कड्या, वर एखादी जास्त, हा जुना हिशोब अजून चालतो. साडेसहा फुटांवर पाचच कड्या असतील तर वाकलेल्या काठीत दोरा बाक सोडून सरळ धावतो आणि सगळा ताण दोन-तीन जागी गोळा होतो. आपल्या काठीला शेंड्याची धरून आठ आहेत. मूठ साध्या फोमची, रीलची बैठक प्लॅस्टिकची, रंगकाम जेमतेम. पैसे वाचवले ते योग्य जागी.

मुठीबद्दल एवढंच: रीलपासून बुडापर्यंतचा भाग मुलाच्या कोपरापाशी संपावा. त्याहून लांब असेल तर तो बरगडीत आणि सदऱ्यात अडकतो. मोठ्या माणसाच्या मापाची सात फुटी काठी तेरा वर्षांच्या मुलीला देऊन 'वाढत्या अंगाची' म्हणणं हा अन्याय आहे. स्पर्धेत दिवसभरात शेकडो फेकी होतात, आणि मनगट थकतं ते वजनापेक्षा तोलाने. रील लावून काठी एका बोटावर तोलावी. तोल रीलच्या जरा पुढे यावा. शेंडा खाली ओढत असेल तर शंभर ग्रॅमची काठीही दुपारपर्यंत नकोशी होते. म्हणून आपली रील घेऊन दुकानात जावं. दोन तुकडे का, याचं उत्तर सोपं आहे. पुण्याची मुलं पाण्यावर जातात ती बसने नाहीतर स्कूटरवर.

एकूण पैशांतले निम्मे काठीला, उरलेले रील आणि दोऱ्याला, असं मी सुचवेन. भारी काठीला टुकार रील लावून काही साधत नाही. आणि काठी महागाची नाही म्हणून घरातल्यांनी फार जिवाला लावून घेऊ नये. मोठ्या तोंडाच्या बासचा जागतिक विक्रम, 22 पौंड 4 औंसांचा, जॉर्ज पेरी या जॉर्जिया राज्यातल्या विशीतल्या गरीब शेतकऱ्याने 1932 साली मंदीच्या दिवसांत केला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, इतकंच.

काठीसोबत दोन गोष्टी मुलांना शिकवायलाच हव्यात. आपल्या जलाशयांवरचा मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नये. खडकवासल्याच्या एका काठाला तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे, तिथे पाऊलही टाकायचं नाही. दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. पाण्यावर लालसर पिलांचा बुडबुडणारा पुंजका दिसला की खाली मरळीची जोडी पहाऱ्याला असते. त्या पुंजक्यावर बेडूक टाकला तर झडप हमखास बसते, भुकेने नाही, पिलांसाठी. हा मासा धरू नये. आईबाप गेले की त्या पुंजक्याला वाली उरत नाही. स्पर्धा असो वा नसो, माझ्या लेखी असा मासा वजनात धरायचाच नाही.

आणि काठी मोडणारच, हे धरून चालावं. बहुतेक वेळा जातो तो शेंडा: गाडीच्या दारात, किंवा मासा हातात घेताना काठी डोक्याच्या मागे नेल्यामुळे. शेंड्याची कडी सुटी मिळते. तुटलेलं टोक बारीक पॉलिश पेपरने घासायचं, गरम गोंदाची कांडी वितळवून कडी बसवायची, बाकीच्या कड्यांच्या रेषेत आणायची, थंड होऊ द्यायची. मुलांनी हे स्वतः करावं. काठी इंचभर आखूड होते आणि किंचित कडक, मरळीला ते चालतं. तीन-चार इंचांहून जास्त गेलं असेल, तर ती काठी पिठाच्या आमिषावर, चिलापी आणि रोहूसाठी ठेवून द्यावी आणि बेडकासाठी दुसरी पाहावी, पुन्हा बाटली लावून.