‘डावी वाट घ्या’ म्हणजे नेमकी कुठली?

वासोट्यावरचा कुठलाही लेख उघडा. बामणोलीहून बोट सुटते, शिवसागराचं पाणी निळंशार असतं, पलीकडे उतरल्यावर घनदाट जंगल लागतं. मग एक शब्द हमखास येतो : निर्मनुष्य. आणि त्याच्या आगेमागे एक वाक्य : ‘पुढे दोन फाटे फुटतात, तिथे डावी वाट घ्या.’

मराठीत ट्रेकवर आज जेवढं लिहिलं जातंय, तेवढं पूर्वी कधी लिहिलं गेलं नसेल. त्याची समीक्षा मात्र कुणी करत नाही. माहितीच तर असते, तिची कसली समीक्षा, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, तो एक शब्द आणि ते एक वाक्य तपासलं, तरी या लेखनाचा कस लागतो.

आधी वाक्य. ‘डावी’ म्हणजे कुणाची डावी? चढणाऱ्याची की उतरणाऱ्याची? फाटा कुठे आहे : ओढा ओलांडण्याआधी की नंतर? लेखक कुठल्या महिन्यात गेला होता? सह्याद्रीत मे महिन्यातली वाट आणि सप्टेंबरातली वाट या दोन वेगळ्या वाटा असतात. मेमध्ये गवत वाळलेलं, ओढा कोरडा, पायवाट पांढऱ्या रेघेसारखी. सप्टेंबरात गवत कमरेएवढं, ओढ्याला पाणी आणि वर धुकं. वाटाड्या न घेता निघालेल्या माणसाच्या हातात ते एक वाक्यच असतं. ते ढिलं असलं, तर सूर्यास्ताचं वर्णन कितीही सुरेख असो, त्याला घरी आणत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतोय. काही वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातल्या एका सड्यावर आम्ही तिघं फोनमध्ये उतरवून घेतलेल्या ट्रॅकच्या भरवशावर गेलो होतो. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. वर बोटभर माती, झाड जवळजवळ नाही. कासला तुम्ही गेला असाल, तर डोळ्यांसमोर येईल. अशा जागी धुकं उतरलं की खूण म्हणून धरायला काहीच उरत नाही, चारी दिशा सारख्या. फोनवरची रेघ सरळ एका भरलेल्या ओढ्यातून जात होती. आम्ही डावीकडची ठळक वाट धरली. तासाभराने ती कड्याच्या अलीकडे झुडपांत संपली.

धुक्यातून कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. आम्ही ओरडलो, तसे एक मामा घोंगडीची खोळ घेऊन समोर आले. आमच्याकडे बघून म्हणाले, ‘‘ही वाट म्हसरांची हाय. तुमची वर ऱ्हायली.’’ त्यांनी आम्हाला धारेवर आणून सोडलं, पैसे घेतले नाहीत, आणि आल्या वाटेने गेले.

घरी येऊन मी त्या ट्रेकवर लेख लिहिला. त्यात मामा नव्हते. ‘वाट शोधत आम्ही खाली उतरलो’ एवढंच होतं. का वगळलं? कारण लेखाचं शीर्षकच ‘वाटाड्याविना’ असं होतं. शीर्षकासाठी मी एक माणूस पुसला.

मग दुसऱ्यांचे लेख वाचताना लक्षात आलं, की ही सवय माझ्या एकट्याची नाही. ‘स्वतःच्या स्वतः’ ट्रेक करण्याचा जो नवा अभिमान आहे, त्यात ‘आम्ही’ फार मोठा असतो आणि वाट आपोआप पडलेली असते. खरं तर ढोरवाट गुरांनी पाडली, पायवाट बाजाराला आणि पाहुण्यांकडे जाणाऱ्यांनी पाडली, घाटवाट कोकणात उतरणाऱ्या ओझेवाल्यांनी पाडली. फोनमधली रेघ त्यांच्याच पावलांवर ओढलेली आहे.

जुन्या पुस्तकांत हे भान दिसतं. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हे मार्गदर्शक पुस्तक कुणी साहित्य म्हणून वाचत नाही, पण मी वाचतो. धार, सोंड, खिंड, नाळ असे शब्द तिथे सजावटीला येत नाहीत. प्रत्येक शब्दाला डोंगराचा एक नेमका आकार आहे, आणि तो कळला की वाटेचं वाक्य आपोआप घट्ट होतं. ‘नाळेतून’ आणि ‘सोंडेवरून’ यांत गल्लत झाली, तर पाय मोडू शकतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’चा बाज वेगळा, भावनेने ओथंबलेला. पण तिथे गडाइतकीच गडावरची आणि गडाखालची माणसंही असतात. आपण गोनीदांची भावना उचलली आणि माणसं मागे ठेवली.

आता तो शब्द : निर्मनुष्य.

वासोट्याला बोटीतून उतरल्यावर जिथे वन खात्याची चौकी आहे, त्या जागेचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याशी असलेलं पहाऱ्याचं ठाणं. नावातच माणसं आहेत. कोयनेचं 103 मीटर उंचीचं धरण 1960च्या दशकात उभं राहिलं आणि शिवसागर भरला, तेव्हा खोऱ्यातली कित्येक गावं पाण्याखाली गेली. 1985मध्ये कोयना अभयारण्य झालं. 2010मध्ये ते आणि सांगलीच्या शिराळा तालुक्यापर्यंत पसरलेलं चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आणखी गावं उठली. पुनर्वसनासाठी धरणग्रस्तांची आंदोलनं अलीकडेपर्यंत चालू होती. ज्या निळ्याशार पाण्यावरून आपण रील काढत जातो, त्याच्या तळाशी शेतं आहेत.

म्हणजे हे रान निर्मनुष्य नव्हतं, ते तसं झालं. जंगल राखायला हवं, वाघ यायला हवा, यावर माझा वाद नाही. वाद वर्णनाशी आहे. ‘इथे कधी माणसाचा स्पर्शच झाला नाही’ असं लिहिलं, की उठलेली माणसं दुसऱ्यांदा उठतात, या वेळी मजकुरातून.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. उत्तर स्वीडनमधलं सारेक हे 1909 सालचं राष्ट्रीय उद्यान. वृक्षहीन टुंड्रा, खुणा केलेल्या वाटा जवळजवळ नाहीत, तंबू पाठीवर घेऊन दिवसेंदिवस एकट्याने चालायचं. जगभरच्या भटक्यांचं ते स्वप्न, ‘युरोपातलं शेवटचं अस्पर्श रान’ अशी त्याची ख्याती. पण ती सामी लोकांची रेनडिअर चारण्याची भूमी आहे. 1996मध्ये युनेस्कोने लापोनिया नावाने हा सगळा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, तो निसर्गासाठी आणि सामी संस्कृतीसाठीही. अस्पर्श म्हणणाऱ्यांना कळप दिसले होते, कळपवाले दिसले नव्हते.

मेंढपाळ कसे बघायचे, हे सांगलीच्या एका लेखकाने आपल्याला 1955मध्येच दाखवलं होतं. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सुरू होते ती एका पोरसवदा मास्तराच्या चालण्याने. माणदेशचा माळ, तो एकटा, आणि पुढे धनगरांची वाडी. कादंबरी संपते तेव्हा दुष्काळाने वाडी ओस पडलेली असते. आपले ट्रेकलेख बरोबर तिथे सुरू होतात जिथे ‘बनगरवाडी’ संपते. माडगूळकर ओसाडी कशी आली ते सांगतात. आपण ओसाडीचा फोटो काढतो.

‘पूर्वी वासोट्यावर मुक्काम करता यायचा’ ही हळहळही याच जातीची. आता तिथे रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीवर परतावं लागतं. भटक्यांना ही बंदी जाचते. ज्यांचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, त्यांच्यापुढे आपली एक रात्र काय?

वाटाड्याविना जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः जातो. एकट्याने वाट काढण्यात जी एकाग्रता येते, ती दुसरीकडे मिळत नाही. पण परत येऊन लिहिणार असाल, तर महिना लिहा. ‘डावी’ म्हणताना तोंड कुठे होतं ते लिहा. चुकलात तिथे ‘चुकलो’ लिहा, चकव्याला दोष देऊ नका. रानात मध्येच ओळीने आंबा-फणस दिसले, तर थांबा, तिथे कुणाचं तरी परसू असेल. आणि कुणी वाटेला लावलं असेल, तर त्याला लेखात जागा द्या.

माझा जुना लेख मी मागच्या महिन्यात दुरुस्त केला. शीर्षक बदललं. ओढ्याशेजारी ‘सप्टेंबरात इथून उतरू नका’ असं घातलं. आणि मामांचं ते वाक्य जसंच्या तसं. अख्ख्या लेखात वाट नीट सांगणारं तेच एक वाक्य आहे.