कालव्यावर निवांत कोण असतं?

गेल्या जुलैत तुलूझमध्ये शिकणाऱ्या दोन मैत्रिणींबरोबर मी कनाल द्यु मिदीवर पाच दिवस भाड्याची बोट घेऊन हिंडले. या कालव्यात ताशी आठ किलोमीटरहून जोरात जायची परवानगीच नाही. काठावरचे सायकलवाले हात हलवून पुढे निघून जातात. फोनमध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं ‘अ‍ॅन इनलँड व्हॉयेज’ उतरवून घेतलं होतं. संथ प्रवासाचा विषय निघाला की हे नाव कुणीतरी घेतंच, शिवाय प्रताधिकार संपल्यामुळे ते फुकट मिळतं.

पहिली फसगत अशी, की पुस्तकात ऊन जवळपास नाहीच. १८७६ साली स्टीव्हन्सन आणि त्याचा मित्र वॉल्टर सिम्पसन दोन छोट्या होड्या घेऊन अँटवर्पहून निघाले आणि कालवे, मग वाझ नदी असं करत पाँत्वाझपर्यंत पोचले. सबंध वाटेत पाऊस. इतका, की ला फेर गावात भिजलेल्या अवतारामुळे त्यांना फेरीवाले समजून खाणावळीच्या मालकिणीने हाकलून दिलं. आम्ही मात्र बोटीच्या छतावर पाय ठेवू शकत नव्हतो.

पण माझी खरी तक्रार हवामानाची नाही. स्टीव्हन्सनला मालवाहू बार्जचं फार कौतुक. घरात बसल्या बसल्या देश बघायला मिळतात, घाई कसली ती नाही, घोडा आणि सुकाणूवरचा माणूस दोघेही पेंगत चाललेले. वाचायला छान वाटतं. फक्त हे सगळं होडीतून, दोन मिनिटं शेजारून जाताना पाहिलेलं आहे. तो माणूस पेंगतोय की थकलाय, हे तेवढ्यात कळत नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही एका लॉकपाशी अडकलो. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. जेवणाची सुट्टी होती, दारं बंद, पुढे चार बोटी. या कालव्याची ओळख म्हणजे दुतर्फा लावलेली प्लेनची झाडं, पण २००६ साली त्यांच्यावर बुरशीचा रोग सापडला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली आहेत. आम्ही थांबलो तिथे नुसते बुंधे होते. एका मैत्रिणीला चक्कर आली. ओला टॉवेल तिच्या डोक्यावर धरून मी लॉकवरच्या माणसावर मनातल्या मनात चिडले, आणि मग लक्षात आलं की आमची सहल हा त्याचा कामाचा दिवस आहे. फोन उघडून पुढचं पान वाचायची इच्छा झाली नाही.

घरी आल्यावर जॉर्ज सिमनॉनची १९३१ची मेग्रे कादंबरी वाचली, ‘ल शार्तिए द ला प्रोव्हिदांस’. सिमनॉनने १९२८ साली स्वतः बोटीतून फ्रान्सचे कालवे पालथे घातले होते, आणि ते जाणवतं. इथे लॉकसमोर रांग लागते, नंबरावरून कुरबुरी होतात, मोटारवाले बार्ज घोड्यांच्या बार्जला मागे टाकतात. घोडे बार्जच्या आतच बांधलेले, आणि त्यांना हाकणारा माणूसही त्यांच्याजवळच गवतात झोपतो. मेग्रे सायकलवर दिवसभर चिखल तुडवत या सावकाश चालणाऱ्या बोटीमागे धावतो आणि घामाघूम होतो. सगळ्या कादंबरीत मला हाच भाग सर्वांत आवडला. पोलीस दमलाय आणि ती बोट आपली चाललीच आहे. तो घोडेवाला इतक्या हळू आयुष्यात का येऊन राहिला, हे इथे सांगत नाही. पण ते कारण निवांतपणाचं नाही. कादंबरीतली यॉटवरची श्रीमंत मंडळी मात्र पुठ्ठ्याची वाटली. (आणि हो, इथेही पाऊसच. उन्हाचं पुस्तक मी अजून शोधतेय.)

मग स्टीव्हन्सनकडे परत गेले, कारण अर्धवट सोडलं होतं. शेवटाकडे एक प्रकरण आहे, त्यात वल्ही मारता मारता त्याचं डोकं रिकामं होतं. वल्ह्यांचे फटके मोजतो आणि शेकडे विसरतो. गाव, नदी, मित्र, कशाचंच काही वाटेनासं होतं. या बधिरपणाला तो अध्यात्म म्हणून विकत नाही, सरळ मूर्खपणा म्हणतो आणि त्यात खूष असतो. इथे तो काठावरून दुसऱ्याकडे बघत नाहीये; हात त्याचेच दुखताहेत. चौथ्या दुपारी सुकाणू धरून मी अशीच बसले होते. किती पूल गेले, आठवत नाही.

आणि आधी घाईत वगळलेली अर्पणपत्रिकाही वाचली. या दोघा मित्रांनी पुढे खरोखरच एक बार्ज घेतला होता, कालव्यांतून निवांत फिरायला. नटवायला दिला तो तिथेच पाण्यात कुजला. शेवटी चिडलेल्या सुताराने पैसे वसूल करायला तो विकला, आणि सोबत त्या दोन होड्यासुद्धा.