यंत्र उरतें, शास्त्र मरतें

भावी काळाचें भयाण चित्र रेखाटणाऱ्या ज्या कादंबऱ्या विसाव्या शतकांत पाश्चात्य वाङ्मयांत अवतरल्या, त्या शास्त्राच्या वैऱ्यांनीं लिहिल्या आहेत, असा समज सुशिक्षित वाचकांतहि आढळतो. यंत्र वाढलें कीं माणूस गुलाम व्हावयाचाच, एवढाच बोध धरून कोणी त्यांची वाहवा करतात, तर कोणी त्यांस प्रगतीच्या मार्गांतील धोंड म्हणतात. आम्हांस दोन्ही पक्ष सारखेच उथळ वाटतात.

प्रथम ग्रंथकारच पाहावे. ‘आम्ही’ या रशियन कादंबरीचा कर्ता झाम्यातिन हा जहाजबांधणीचा इंजिनियर; बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठीं तो १९१६ सालीं इंग्लंडांत गेला होता. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ लिहिणारा आल्डस हक्स्ले हा विख्यात जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ले यांचा नातू. अशा लेखकांस यंत्राचें भय कोठून असणार?

झाम्यातिनची कादंबरी इंग्रजींत १९२४ सालीं निघाली. मायदेशीं ती छापली जाण्यास मात्र १९८८ साल उजाडावें लागलें. तींतील नागरिकांस नांवें नाहींत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती कांचेच्या, आणि निजणें, उठणें, जेवणें सर्व वेळापत्रकाबरहुकूम. कथानायक अंतराळयान बांधणारा गणिती आहे. आणि हा गणिती भितो कशास? उणे एकाच्या वर्गमूळास! व्यवहाराच्या मोजमापांत न बसणारी ती संख्या त्यास शाळेपासून छळते. शेवटीं किरणांच्या योगानें त्याची कल्पनाशक्ति जाळून टाकण्यांत येते, आणि तो ‘बरा’ होतो. आंकडेमोड शिल्लक राहते. गणिती उरत नाहीं.

हक्स्लेच्या १९३२ सालच्या ग्रंथांत मुलें बाटल्यांत वाढतात, एका अंडापासून ९६ जुळीं निपजतात, झोपेंत ऐकविलेले धडे जन्मभर पुरतात. मन उदास झालेंच तर ‘सोम’ नांवाची गोळी तयार असते. वेदांतील पवित्र पेयाचें नांव त्या गोळीस मिळावें, हा उपरोध आपणांस विशेष झोंबेल. परंतु आम्हांस त्याहून मार्मिक वाटतो तो एक लहानसा प्रसंग. नियंता मुस्तफा माँड जीवशास्त्रावरील एक नवा निबंध वाचतो, मनांत त्याची तारीफ करतो, आणि तो प्रसिद्ध होऊं नये असा शेरा मारतो. हाच माँड एके काळीं उत्तम पदार्थविज्ञानी होता!

ऑर्वेलच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्यें भिंतीवरचा पडदा बोलतो तसाच पाहतोहि. तो केव्हां पाहतो हें कळत नसल्यामुळें माणूस सदैव पाहिला जात असल्यासारखा वागतो. म्हणजे निम्मा पहारा ज्याचा तोच करतो. त्या राज्याच्या नव्या भाषेंत ‘शास्त्र’ या अर्थाचा शब्दच ठेवलेला नाहीं. बंडखोराच्या ग्रंथांतील लांबलचक उतारे मध्येंच घालून ऑर्वेलनें कथेचा वेग मोडला आहे, आणि हक्स्लेचीं पात्रें पुष्कळदां बाहुल्यांप्रमाणें बोलतात, हे दोष आम्ही झांकूं इच्छित नाहीं. तथापि तिघांचा निर्णय एकच आहे: जुलमी सत्तेस यंत्र हवें असतें; तें ज्या जिज्ञासेंतून जन्मलें, ती मात्र तिला खपत नाहीं.

या तिघांच्याहि आधीं, १९०९ सालीं, फॉर्स्टरनें ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा लिहिली. आमच्या मतें सर्वांत खोल घाव तिचाच आहे. तींत जुलमी राजा असा कोणी नाहीं. माणसें भुयारी खोल्यांतून एकएकटीं राहतात; आई व मुलगा पृथ्वीच्या दोन टोकांस बसून तबकडींत एकमेकांस पाहतात. यंत्र समग्र जाणणारा कोणीच उरलेला नाहीं. संगीतांत बिघाड होऊन तें कर्कश वाजूं लागतें. थोडे दिवस तक्रारी होतात, मग कानांस त्याचीच संवय जडते.

आपल्या घरांतील लहान मुलाच्याहि हातीं आज पडदा आला आहे. तो हिसकावून घेतल्यानें फारसें साधेल, असें आम्हांस वाटत नाहीं. हें कसें चालतें, कोण चालवितो, त्यांत लाभ कोणाचा, असें मूल विचारूं लागलें तर त्यास गप्प बसवूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्यासह शोधावें. आणि एखाद्या सायंकाळीं फॉर्स्टरची ती कथा घरांत मोठ्यानें वाचावी.