आरसा पुरे झाला, ढोलकीकडे बघा

चौफुल्याच्या लावणी थिएटरांवर कुणी माहितीपट करायला घेतला की पहिली चौकट ठरलेली असते. आरसा, आरशापुढे कपाळावर कोर रेखणारी बाई आणि मागून रडवी बासरी. मग घुंगरांचा क्लोजअप, आणि त्यावर निवेदकाचा जड आवाज: ‘लोप पावत चाललेली कला’. यूट्यूबवर लोककलावंतांच्या नावाने जे काही चाललं आहे, त्यातलं बरंचसं इथेच सुरू होतं आणि इथेच संपतं. 2025 च्या जुलैत चौफुल्याजवळ, दौंड तालुक्यातल्या वाखारीच्या कला केंद्रात गोळीबार झाला, तेव्हा कॅमेरे धावत आले. तिथे रोज रात्री वाजणारी ढोलकी त्याआधी त्यांच्या कानावर कधी गेली नव्हती.

‘पिंजरा’पासून ‘चंद्रमुखी’पर्यंतच्या सिनेमांना नाच हवा होता, तो त्यांनी सेटवर करून घेतला, त्यांचा विषय इथे नको. डीजेवरच्या रील्सना तर एवढी ओळसुद्धा जास्त.

विचार करायचा तो सावित्री मेधातुल यांच्या ‘नटले तुमच्यासाठी’चा. 2008 मधला हा माहितीपट संगीत बारीतल्या, म्हणजे थिएटरात पेटी-ढोलकीवर लावणी करणाऱ्या पार्ट्यांतल्या, बायकांकडे गेला आणि मुख्य म्हणजे तिथून निघून आला नाही. त्या कामातून भूषण कोरगांवकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक 2014 साली आलं. पाठोपाठ त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम आला. शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई महाळंग्रेकर यांच्यासारख्या कलावंत रंगमंचावर गातात, अदा करतात आणि मेधातुल, कोरगांवकर बाजूला उभे राहून त्यांची गोष्ट सांगतात. म्हणजे ज्यांच्यावर फिल्म केली, त्यांच्याच गाडीत बसून ती करणारे दौऱ्यावर निघाले. मराठीत असं फार घडलेलं नाही. आपल्याकडे फिल्म झाली, एखादा महोत्सव झाला, सत्काराची शाल पडली की दिग्दर्शक पुढच्या विषयाला मोकळा.

या सोबतीचा फायदा नजरेला होतो. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा रुसवा, मग लाडीगोडी, मग नुसती भुवई. यमुनाबाई वाईकरांनी बसल्या जागी जे केलं, ते याच पुनरावृत्तीवर उभं होतं. ढोलकीवाला प्रत्येक फेरीला वेगळं उत्तर देतो. बाईची मान कुठे वळणार हे त्याला तिच्याआधी कळलेलं असतं. इथे दर तीन सेकंदांनी कट मारणारा संकलक कलेचा गळाच कापतो. ओळ सबंध बघायची असेल तर कॅमेऱ्याने बूड टेकून बसावं लागतं, आणि चौकटीत बाईइतकीच जागा वाजवणाऱ्यालाही द्यावी लागते.

बूड टेकणारे आपल्याकडे आहेत. आनंद पटवर्धन यांनी शाहीर विलास घोगरेंना ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपलं होतं. 1997 च्या जुलैत मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांचा गोळीबार झाला, दहा माणसं गेली, त्यानंतर काही दिवसांत घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धन तिथून पुढे चौदा वर्षं शाहिरांच्या मागे फिरत राहिले, तेव्हा 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ झाला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी जत्रांतल्या तंबू सिनेमामागे अशीच वर्षं घालवली. त्यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात गंजका प्रोजेक्टर, तो दुरुस्त करणारा कारागीर, चिखलात रुतलेला ट्रक, सगळं आहे. त्याच जत्रेत उभ्या राहणाऱ्या तमाशाच्या कनातीच्या वाट्याला मात्र आरसा आणि बासरीच का यावी?

शिरूर तालुक्याकडे बघा. कवठे येमाईच्या बी. के. मोमीन कवठेकरांनी नामांकित फडांसाठी वग, गण-गवळणी, लावण्या लिहिल्या. 2018 सालचा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, 2021 मध्ये ते गेले. एक मुसलमान शाहीर गणाने सुरू होणारा खेळ लिहितो आणि तो गावोगावच्या देवांच्या जत्रांत रात्रभर चालतो. याहून मोठा विषय कॅमेऱ्याला कुठला हवा होता? पण लिहिणारा, वाजवणारा, तंबू ठोकणारा यांच्याकडे लेन्स वळत नाही. श्रेयनामावलीत त्यांच्यासाठी ‘साथसंगत’ एवढा एकच शब्द असतो.

आणि ‘लोप पावणारी कला’ हे तर सरळ लबाडीचं वाक्य आहे. त्यात कला आपोआप मरते, कुणाचा हात लागलेला नसतो. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशाला कुलूप लागलं. पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांमध्ये तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात, चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर फडाचं वर्ष निघतं. तो हंगाम गेला, पुढचाही गेला. उचल घेऊन बसलेल्या कलावंतांनी काय केलं? मालकांनी सावकाराला काय सांगितलं? रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आणि पहाटेपर्यंत रंगणारा वग यांचा मेळ कोण कसा घालतं? बारीत दौलतजादा जमल्यावर थिएटर मालकाचा हिस्सा, पार्टी मालकिणीचा हिस्सा, पेटीवाल्याचा हिस्सा कसा पडतो? ही सगळी उत्तरं कॅमेऱ्यासमोर देता येण्यासारखी आहेत. प्रश्न विचारले जात नाहीत, कारण हिशेब मांडला की बासरी वाजवता येत नाही.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो: प्रेक्षकाला हिशेब नको, भावना हवी. मग त्या बाईला कॅमेऱ्यापुढे रडायला लावणारा प्रश्न तिसऱ्यांदा का विचारावा लागतो? न्हावऱ्यामार्गे शिरूरहून चौफुल्याला जाताना ढोलकीची पुडी उतरली आहे का, हे बोटाने ठोकून बघणारा माणूस तिच्या शेजारीच बसलेला असतो. बारी वेळेवर उभी राहणार की नाही, ही त्याची धास्ती खरी असते, आणि त्या धास्तीसाठी कुणाला रडवावं लागत नाही. येत्या पाडव्याला नारायणगावात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने पहिल्या सुपारीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फडाच्या ट्रकमध्ये बसायची तयारी ठेवावी. ती नसेल, तर निर्मात्याने त्याला पैसे देऊ नयेत.