श्रमाचा गौरव आणि संघर्षाची स्मृती : बॉस्टनच्या चायनाटाऊनमधील समुदायकलेतील स्त्री

प्रस्तावना :
स्थलांतरितांच्या वस्तीचा इतिहास बहुधा पुरुषांच्या नावाने लिहिला जातो. अमेरिकेतील चिनी वस्त्यांबाबत याला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळजवळ अशक्य केला, तर १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांचे स्थलांतर रोखले. हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. तथापि १९६५ च्या नव्या कायद्यानंतरच चिनी कुटुंबे मोठ्या संख्येने येऊ लागली. या कुटुंबांतील स्त्रियांनी वस्ती कशी उभी केली, याची नोंद समुदायकला कितपत घेते, हा येथे विचाराचा विषय आहे.

स्त्रीश्रमाची पार्श्वभूमी :
बॉस्टनच्या चायनाटाऊनमधील अनेक स्त्रिया तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करीत. १९८५ मध्ये असा एक मोठा कारखाना बंद पडला. इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे असूनही तेथील चिनी कामगार स्त्रिया संघटित झाल्या आणि त्यांनी आंदोलनाद्वारे शासनाकडून पुनर्प्रशिक्षणाचा हक्क मिळविला. ‘अबोल आणि सोशिक स्त्री’ ही रूढ प्रतिमा या घटनेने खोटी ठरविली.

कलाकृतींची चिकित्सा :
वेन-टी त्सेन व डेव्हिड फिक्टर यांनी १९८६ मध्ये याच वस्तीत ‘युनिटी/कम्युनिटी’ हे भित्तिचित्र रंगविले. त्यात कष्टकरी स्त्री समुदायाच्या सामूहिक इतिहासाचा भाग म्हणून अवतरते. ते चित्र आज अस्तित्वात नाही. पुढे त्सेन यांनीच चायनाटाऊनमधील कामगारांच्या चार कांस्यपुतळ्यांची योजना मांडली : धोबी, उपाहारगृहातील कामगार, कपडे शिवणारी स्त्री आणि नातवंडासह आजी.

या योजनेतील सर्वांत अर्थपूर्ण निवड आजीची होय. आजीने मूल सांभाळले म्हणूनच आई कारखान्यात जाऊ शकली. बिनमोल समजल्या जाणाऱ्या या सांभाळाला शिवणकामाच्या बरोबरीने स्थान देऊन कलावंताने ‘कामगार’ या संज्ञेचाच विस्तार केला आहे. राजे-सेनापतींसाठी राखीव मानले गेलेले कांस्य अनामिक स्त्रीच्या वाट्याला येणे, हेही महत्त्वाचे.

परंतु येथेच एक मर्यादाही जाणवते. सुटी प्रतिमा कष्टांची साक्ष देते. संघटनेची देऊ शकत नाही. शिवणारी स्त्री एकटी दिसते, आणि मागण्या मांडणाऱ्या तिच्या सहकारिणी दृष्टिआड होतात. तिच्या कष्टांविषयी कृतज्ञता वाटते, पण तिने मिळविलेल्या हक्काची आठवण होत नाही. भिंतीत सामूहिकता होती, टिकाऊपणा नव्हता. कांस्यात टिकाऊपणा आहे, सामूहिकता अपुरी आहे.

निष्कर्ष :
स्त्रियांच्या योगदानाचा गौरव त्यांच्या झिजलेल्या हातांपुरता मर्यादित राहिल्यास तो अपुरा ठरतो. त्याच हातांनी फलकही उचलले होते. या दोन्हींची स्मृती एकत्र जपली गेली, तरच समुदायकला स्त्रियांना इतिहासाच्या कर्त्या म्हणून मान्यता देईल.