गुन्हा, न्यायालय आणि कादंबरी : काही अलीकडील ऑस्ट्रेलियन पुस्तके

गुन्ह्याची हकिकत सांगणारे लेखन वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरचे, असा समज समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. रहस्यकथा करमणुकीसाठी आणि खटल्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रासाठी, अशी ही सोयीची विभागणी होय. गेल्या दोन दशकांतील काही ऑस्ट्रेलियन पुस्तके तिचा फेरविचार करावयास भाग पाडतात. ‘ट्रू क्राइम’ या नावाने ओळखला जाणारा गुन्हेवृत्तान्त तेथे काही समर्थ कादंबरीकारांनी हाताळला. त्यातून निर्माण झालेले प्रश्न पुढे कादंबरीलाही टाळता आले नाहीत.

याला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी तेथे वसाहत स्थापली ती हद्दपार कैद्यांना घेऊन. आणि ज्या भूमीवर स्थापली ती मूळ रहिवाशांशी कोणताही करार न करता. ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, हे कायदेशीर गृहीतक तेथील उच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात फेटाळले. साहजिकच ‘गुन्हा’ या संकल्पनेला तेथे दोन बाजू आहेत : कायद्याने शिक्षा केलेला गुन्हा आणि कायद्याच्या छत्राखाली घडलेला गुन्हा. पुढील पुस्तके वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

‘मंकी ग्रिप’ (१९७७) या कादंबरीने प्रसिद्धीस आलेल्या हेलन गार्नर यांचे ‘जो चिंक्वेज कन्सोलेशन’ (२००४) हे पुस्तक कॅनबेरात १९९७ मध्ये झालेल्या एका तरुण इंजिनिअरच्या मृत्यूविषयी आहे. त्याला मादक द्रव्ये देऊन मारणाऱ्या त्याच्या मैत्रिणीच्या मनोवस्थेची न्यायालयात सूक्ष्म चिकित्सा झाली. मृताच्या बाजूने बोलण्यास मात्र त्या रचनेत जागाच नव्हती. ती रिकामी जागा हाच गार्नर यांचा विषय. आरोपीने मुलाखत नाकारल्यामुळे पुस्तकाचा तोल मृताच्या कुटुंबाकडे झुकतो, आणि लेखिका हा कल लपवीत नाही. ‘धिस हाउस ऑफ ग्रीफ’ (२०१४) अधिक कसदार आहे. २००५ मध्ये व्हिक्टोरियातील विंचेल्सीजवळ एका पित्याची मोटार पाण्यात गेली आणि त्याची तीन मुले बुडाली. खोकल्याच्या उबळीने शुद्ध हरपली, हा त्याचा बचाव २००७ आणि २०१० अशा दोन्ही वेळी ज्यूरीने अमान्य केला. निवेदिकेचे मन पुराव्यापुढे हळूहळू नमते, पण ते अनिच्छेने. तिची शंका पुराव्याविषयी कमी आणि बाप असे करू शकतो हे मानण्याविषयी अधिक आहे. निकालाने ‘काय घडले’ हे ठरते. ‘का घडले’ हे अनुत्तरितच राहते. हे अनुत्तरितपण प्रामाणिकपणे सांभाळणे, हे या निवेदनाचे वाङ्मयीन यश होय.

क्लोई हूपर यांच्या पहिल्या कादंबरीचे नावच ‘अ चाइल्ड्स बुक ऑफ ट्रू क्राइम’ (२००२) असे होते. ‘द टॉल मॅन’ (२००८) मध्ये त्या प्रत्यक्ष घटनेकडे वळल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये क्वीन्सलँडच्या पाम बेटावर किरकोळ कारणावरून अटक झालेला एक आदिवासी पुरुष तासाभरातच कोठडीत मरण पावला. अटक हा अखेरचा उपाय असावा, अशी शिफारस कोठडीतील ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या राजआयोगाने १९९१ मध्येच केली होती. संबंधित पोलीस अधिकाऱ्याला २००७ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरविले. हूपर निकालाशी हुज्जत घालत नाहीत. निकालापर्यंत पोहोचणारी व्यवस्था दाखवितात. तथापि एक आक्षेप नोंदवावा लागेल. ‘टॉल मॅन’ हे आदिवासी लोककथेतील भयप्रद शक्तीचेही नाव आहे. ते उंचापुऱ्या पोलिसाशी जोडल्याने संस्थात्मक जबाबदारीच्या प्रश्नाला गूढतेचे वलय लाभते. शिवाय परक्या समाजाचे दुःख सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला कादंबरीने दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. पीटर टेंपल यांच्या ‘ट्रुथ’ (२००९) ला २०१० मध्ये माइल्स फ्रँकलिन पुरस्कार लाभला. तो मिळविणारी ही पहिली गुन्हेकादंबरी. तुटक संवादांतून मेलबर्नचे सत्ताकारण उलगडणारी तिची शैली अभ्यासनीय आहे. जेन हार्पर यांच्या ‘द ड्राय’ (२०१६) मध्ये दुष्काळाने करपलेले गाव प्रभावी आहे. परंतु त्या भूमीचे मूळ रहिवासी तेथे जवळजवळ अनुपस्थित आहेत. खुनाचा उलगडा होतो, जमिनीचा इतिहास अबोलच राहतो.

तो बोलतो अलेक्सिस राइट यांच्या ‘प्रेझवर्दी’ (२०२३) मध्ये. वान्यी समाजातील या लेखिकेने २००७ च्या सरकारी हस्तक्षेपाने ग्रासलेल्या उत्तरेकडील वस्तीची विराट उपहासकथा रचली आहे. ‘ॲबोरिजिनल सॉव्हरिन्टी’, म्हणजे आदिवासी सार्वभौमत्व, हे तिच्यातील एका तरुणाचे नाव. तो समुद्रात नाहीसा होतो. व्यक्तीचा शोध आणि तत्त्वाचा शोध येथे एकाच वाक्यात सामावतात. गुन्हेवृत्तान्ताला पुराव्याची मर्यादा असते; राइट यांनी पुराव्याची भाषाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली आहे. पसारा आणि पुनरुक्ती यांमुळे ही कादंबरी वाचकाचा कस पाहते, हेही खरे.

याच परंपरेतील ‘द मशरूम टेप्स’ (२०२५) मध्ये गार्नर, हूपर आणि सारा क्रॅस्नोस्टीन यांनी विषारी अळंब्यांच्या गाजलेल्या खटल्यावरील आपली संभाषणेच पुस्तकरूपात मांडली. परक्याच्या शोकान्ताविषयीचे कुतूहल कोठे विकृत होते, ही शंका तेथे उघडपणे बोलली जाते.

अभ्यासकाने प्रथम ‘धिस हाउस ऑफ ग्रीफ’, मग ‘द टॉल मॅन’ आणि अखेरीस ‘प्रेझवर्दी’ वाचावी. या क्रमाने निवेदकाची जागा साक्षीदाराच्या बाकावरून सरकत सरकत मूळ फिर्यादीच्या जागी कशी जाते, हे स्पष्ट होते. वास्तव आणि कल्पित यांच्यातील सीमारेषेइतकाच, सांगणारा कोठे उभा आहे हा प्रश्न निर्णायक असतो, हे या तीन पुस्तकांच्या एकत्र वाचनातून प्रत्ययास येते.