गुडीहत्नूरच्या भुताला कथेत जागा आहे का?

लहानपणी मी ऐकलेली भुते दोन भाषा बोलत. आजी गोष्ट मराठीत सांगे. पण पिंपळावरच्या भुताने तोंड उघडले की ते तेलुगूच बोले. वाटसरूने 'कोण आहे?' म्हणून विचारावे आणि वरून 'नेनु' असे उत्तर यावे, एवढ्यावरच आम्ही पांघरुणात शिरत असू. आजी त्याला कधी भूत म्हणे, कधी दय्यम. बाजाराची बोली वेगळी, कचेरीची वेगळी, तशी भुताचीही वेगळी असणार, यात आम्हां मुलांना काही नवल वाटत नसे.

पुढे वाचनाची गोडी लागली आणि नारायण धारप, रत्नाकर मतकरी हाती आले. अधाशासारखे वाचले. पण एक गोष्ट तेव्हाही खटके, आणि आता दिवाळी अंकांतून आपल्याकडच्या होतकरू लेखकांच्या भयकथा वाचताना अधिकच खटकते. मराठी भुताचा कायमचा पत्ता कोकणातला आहे. खानोलकरांनी ती भूमी अशी झपाटून टाकली की मागून येणाऱ्यांना दुसरीकडे भीतीच वाटेना. २०१६ साली दूरदर्शनच्या पडद्यावर 'रात्रीस खेळ चाले' आली तीही कोकणातल्याच वाड्यातून. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या लेखकांविषयी. आदिलाबाद जिल्ह्यात घडणाऱ्या कथेत जांभ्या दगडाची विहीर आणि पोफळीची बाग कोठून आली? आपली जमीन काळी, झाडे सागाची आणि मोहाची, शिवारात कापूस. गुडीहत्नूरच्या चौकातून उटनूरकडे रस्ता फुटतो, आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावर रात्रभर ट्रक धावत असतात. हेडलाइटच्या झोतात क्षणभर दिसून नाहीशी होणारी आकृती ही आपली भीती आहे. ती कोणी लिहिलेली मला तरी आढळली नाही.

इंग्लंडात एम. आर. जेम्स नाताळच्या रात्री केंब्रिजमधल्या मित्रमंडळींना आपल्या भूतकथा वाचून दाखवीत. त्या कथांतली जुनी चर्चे, समुद्रकाठची गावे त्यांच्या पायाखालची होती. म्हणून त्या अजून टिकल्या.

आता जरा नाजूक विषयाकडे येतो. आपल्या भागाची खरी भयकथा पिंपळावर नाहीच. ती 'भानामती' या एका शब्दात आहे. हा शब्द मराठवाड्यात आहे, बिदर-गुलबर्ग्याकडे आहे आणि तेलंगणात 'बाणामती' म्हणून आहे. म्हणजे त्याची हद्द भाषेची नाही, जुन्या निजामी मुलखाची आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले, आपण आंध्रात राहिलो, २०१४ पासून तेलंगणात आहोत; भानामतीने मात्र कोणतीच सीमा मानली नाही. आणि तिच्या गोष्टीत शेवटी भूत सापडत नाही, बाई सापडते. एकटी, म्हातारी, बहुधा विधवा.

आमच्या गल्लीत अशी एक होती. तिच्या अंगणातून जाताना आम्ही श्वास रोखून धरीत असू. तिने दिलेले बोर मी एकदा नाल्यात फेकले, हे तिने पाहिले होते. तिच्याविषयीच्या गोष्टी आम्हांला कोणी सांगितल्या? ज्यांनी पिंपळाची सांगितली त्यांनीच, त्याच आवाजात, त्याच रात्री. मजेची भीती आणि जिवावर उठणारी भीती एकाच चुलीपाशी शिजत होती.

म्हणूनच धारपांविषयीचे माझे जुने प्रेम आज थोडे सावध झाले आहे. त्यांच्या कथेत अभद्र शक्ती खरोखरच असते. 'समर्थ' येतात आणि तिचा बंदोबस्त करतात. पुण्याच्या वाचकाला हा निव्वळ रंजनाचा करार आहे. पण जिथे करणीच्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत, तिथे 'शक्ती खरी आहे' हे गृहीतक इतके निरुपद्रवी राहत नाही. मतकरींची भीती बहुतेकदा माणसाच्याच हव्यासातून, अपराधातून उगवते. आपल्या लेखकाने धडा घ्यायचा तर तो त्यांच्याकडून घ्यावा, असे मला वाटते. आपल्यापैकी ज्यांना तेलुगू येते त्यांनी यंडमूरी वीरेंद्रनाथांची 'तुलसीदळम्' वाचली असेल. लहान मुलीवरच्या चेटकाची ती कादंबरी घराघरांत गेली. तिच्याशेजारी धारप ठेवून वाचणे हे दुभाषिक वाचकालाच शक्य आहे, आणि तसे कोणी मराठीत लिहीत नाही याची मला खंत आहे.

शेजारच्या गोंड वस्त्यांकडेही आपण नीट पाहिलेले नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला आपण हौसेने जातो. पण त्यांच्या रीतीत गेलेला माणूस हाकलायचा नसतो, विधीने त्याला कुळाच्या देवात सामावून घ्यायचे असते. हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात याच जिल्ह्यात राहून हे नोंदवले. मृताशी असे नाते असेल तर भयकथेचे काय होईल? आपली भयकथा मांत्रिकाने सुरू होते आणि मांत्रिकानेच संपते, तिला हा प्रश्न पडलेलाच नाही.

माझी नात आता हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकते. गेल्या सुटीत तिला पिंपळाची गोष्ट सांगितली. भूत 'नेनु' म्हणाले तेव्हा ती हसली. तेलुगू तिला माझ्यापेक्षा बरी येते. मग तिने विचारले, 'आजोबा, ते मराठीत का नाही बोलत?' गल्लीतल्या म्हातारीची गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. ती सांगायची तर बोरापासून सुरू करावी लागेल.